उट्रेख्तची तीन दिवसांची कौटुंबिक सहल : तयारीपासून परतीपर्यंत, योग्य क्रमाने

उट्रेख्त हे शहर आम्स्टरडॅमच्या स्किपोल विमानतळापासून थेट रेल्वेने साधारण पस्तीस मिनिटांवर आहे, त्याचा मध्यभाग पायी फिरण्याइतका आटोपशीर आहे आणि लहान मुलांना रमवणाऱ्या जागा तेथे हाताच्या अंतरावर आहेत. म्हणून नेदरलँड्समध्ये दोन रात्रींचीच सवड असलेल्या कुटुंबांना मी हे शहर सुचवते. तरीही त्यांतली बरीच मंडळी दमून आणि हिरमुसून परत जातात, आणि दरवेळी कारणे तीच निघतात : विमान आणि हॉटेल आधी ठरते, मुलांसाठीची तिकिटे शेवटी शोधली जातात, वार कोणी पाहिलेला नसतो आणि तीन दिवसांत आम्स्टरडॅमही बसवायचे असते.

माझी तीन वर्षांची भाची, चित्रपुस्तकांतल्या मिफी नावाच्या सशाच्या संग्रहालयाच्या बंद दारासमोर सोमवारी सकाळी दहा वाजता उभी होती, ते दृश्य मला अजून आठवते. पिवळा रेनकोट, काखेत कापडी ससा, आणि काचेला नाक लावून तिने विचारलेला एकच प्रश्न, "ससा झोपलाय का?" विमानाची तिकिटे तीन महिने आधी काढलेली होती, पण संग्रहालय सोमवारी बंद असते हे आम्हा चौघा मोठ्यांपैकी एकानेही पाहिले नव्हते. त्या रात्री मी कामांचा क्रम कागदावर मांडला. पुढे येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाबरोबर त्यात भर पडत गेली, आणि खालील टप्पे त्यातूनच तयार झाले आहेत. ते याच क्रमाने करावेत, कारण बहुतेक चुका कामे उलटसुलट केल्यामुळे होतात.

## टप्पा १ : आधी सर्वांत लहान मुलाचे वय, मग वार

सहलीचा आराखडा घरातल्या सर्वांत लहान मुलाच्या वयावरून ठरवावा. मिफी सशाचे, म्हणजे डच भाषेतल्या नाइन्त्येचे, संग्रहालय साधारण दोन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आहे. तेथे लहान मुलांच्या उंचीची घरे, दवाखाना, रस्त्यावरचे सिग्नल अशा खेळण्याच्या खोल्या आहेत. नऊ वर्षांचा मुलगा तेथे पंधरा मिनिटांत कंटाळतो. उलट, माल्येबान या १८७४ सालच्या जुन्या स्थानकात असलेले रेल्वे संग्रहालय पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धा दिवस पुरते. तीन वर्षांचे मूल मात्र तेथल्या मोठ्या आवाजांना आणि अंधाऱ्या भागांना बिचकू शकते. घरात दोन्ही वयांची मुले असतील तर पालकांनी एका सकाळी वाटून जावे. सगळ्यांनी सगळीकडे जायचे हा हट्ट धरल्यास कोणाचेच नीट होत नाही.

त्यानंतर वार ठरवावेत. सोमवारी शहरातली बहुतेक संग्रहालये बंद असतात आणि अनेक दुकाने दुपारच्या सुमारास उघडतात. रेल्वे संग्रहालय शाळांच्या सुट्टीत सोमवारीही उघडे असते, पण तो अपवाद आहे. गुरुवार ते शनिवार हा माझ्या मते सर्वांत सोयीचा मुक्काम आहे. गुरुवारी संध्याकाळी दुकाने उशिरापर्यंत उघडी असतात, शुक्रवारी संग्रहालयांत शनिवार-रविवारच्या मानाने गर्दी कमी असते, आणि शनिवारी फ्रेडेनबुर्ख चौकातला बाजार व यान्सकेर्कहोफचा फुलबाजार एकाच फेरीत पाहता येतात.

इशारा : २७ एप्रिलला राजाचा वाढदिवस साजरा होतो, आणि उट्रेख्तमध्ये त्याचा रस्त्यावरचा बाजार आदल्या संध्याकाळीच सुरू होतो. २७ तारखेला रविवार आल्यास हा दिवस २६ ला धरतात. ज्यांना तो सोहळाच पाहायचा आहे त्यांनी जरूर यावे. मात्र बाबागाडी आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर ते दोन दिवस टाळलेले बरे, कारण मध्यभागातून पुढे सरकणेही अवघड होते.

तपासणी : पुढे जाण्यापूर्वी कागदावर तीन गोष्टी लिहून झालेल्या असाव्यात : मुलांची वये, मुक्कामाचे वार आणि प्रत्येक दिवसाचे एकच मुख्य ठिकाण. एका दिवसापुढे दोन ठिकाणे लिहिली असतील तर त्यांतले एक आत्ताच खोडावे.

## टप्पा २ : व्हिसा आणि कागदपत्रे

जर्मनी, बेल्जियम किंवा शेंगेन क्षेत्रातल्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांपैकी, अन्य देशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी निवासपत्र आणि पासपोर्ट दोन्ही जवळ ठेवून पुढच्या टप्प्याकडे वळावे. भारतातून किंवा ब्रिटनमधून भारतीय पासपोर्टवर येणाऱ्यांना शेंगेन व्हिसा लागतो.

हा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि तो निदान पंधरा दिवस आधी तरी व्हायला हवा. पण पंधरा दिवस ही अगदी शेवटची मर्यादा आहे आणि मे महिन्याच्या सुट्टीसाठी अर्ज केंद्राची वेळ मिळवण्यातच कित्येक आठवडे जाऊ शकतात. जून २०२४ पासून प्रौढांचे शुल्क ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांचे ४५ युरो आहे आणि सहा वर्षांखालील मुलांना शुल्क नाही. बोटांचे ठसे बारा वर्षांवरील व्यक्तींचे घेतले जातात. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा असावा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, शेंगेनमधून निघण्याच्या तारखेनंतर तीन महिने तरी वैध आणि दोन कोरी पाने असलेला असावा.

येथे दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे अर्ज चुकीच्या देशाकडे करणे. पॅरिसला चार रात्री आणि उट्रेख्तला दोन रात्री असतील तर विमान स्किपोलला उतरत असले तरी अर्ज फ्रान्सकडे करायचा असतो. रात्री समसमान असतील तरच पहिल्या प्रवेशाचा देश धरतात. दुसरी चूक मुलांच्या बाबतीत होते. आई किंवा वडील एकटेच मुलांना घेऊन येत असतील, किंवा मुले आजी-आजोबांबरोबर येत असतील, तर बरोबर नसलेल्या पालकाचे संमतिपत्र आणि मुलाचा जन्मदाखला जवळ हवा. हे कागद नुसते अर्जाला जोडून भागत नाही. विमानतळावरचा अधिकारीही ते मागू शकतो, म्हणून प्रती हातातल्या पिशवीत ठेवाव्यात आणि तपासणीच्या सामानात टाकू नयेत.

## टप्पा ३ : वेळ ठरलेली तिकिटे आधी, हॉटेल नंतर

हा या लेखातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे, आणि नेमका तोच उलटा केला जातो.

नाइन्त्ये संग्रहालयाचे तिकीट संकेतस्थळावर ठरावीक वेळेचे घ्यावे लागते. डोम या जुन्या चर्चच्या मनोऱ्यावर मार्गदर्शकाबरोबरच जाता येते, त्यामुळे प्रत्येक फेरीच्या जागा मोजक्या असतात आणि शनिवारच्या सोयीच्या वेळा लवकर संपतात. म्हणून आधी ही दोन तिकिटे पाहावीत, त्यांच्या वेळांभोवती दिवस बसवावेत आणि मग खोली घ्यावी. व्हिसासाठी राहण्याचा पुरावा आधी लागतो अशी अडचण बरेचजण सांगतात. त्यांनी रद्द करता येण्याजोगी खोली घ्यावी आणि तिकिटांच्या वेळा नक्की झाल्या की गरजेप्रमाणे बदलावी.

तिकीट घेताना मुलांच्या झोपेची वेळ विसरू नये. भारतातून आलेल्या मुलांना पहिले दोन दिवस पहाटेच जाग येते आणि दुपारी तीनच्या सुमारास ती पेंगू लागतात, कारण उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो. त्यामुळे वेळ ठरलेले प्रत्येक तिकीट सकाळचे घ्यावे आणि दुपार मोकळी ठेवावी.

हॉटेलबद्दल थोडक्यात सांगते. कालव्याकाठच्या जुन्या घरांत जिने शिडीसारखे उभे असतात आणि लिफ्ट नसते, म्हणून आजी-आजोबा बरोबर असल्यास लिफ्ट आहे का हे विचारूनच पैसे भरावेत. दोघांच्या खोलीत चौघांना राहू देत नाहीत; मुलांची संख्या आणि वये आरक्षणातच लिहावीत. स्थानकापासून पायी दहा-पंधरा मिनिटांच्या आत राहावे. स्थानकाच्या पश्चिमेला लोंबोक नावाची वस्ती आहे आणि तेथल्या कानालस्ट्राटवर तुर्की व मोरोक्कन वाण्यांची दुकाने आहेत. भाज्या, डाळी, कोथिंबीर, मसाले तेथे सहज मिळतात, त्यामुळे स्वयंपाकघर असलेली जागा घेणाऱ्या शाकाहारी कुटुंबांना हा भाग फार सोयीचा पडतो.

इशारा : स्वयंपाकघर नसलेल्या खोलीत कुकर किंवा इंडक्शन लावू नये. वाफेनेही धुराचा भोंगा वाजतो आणि सगळ्या इमारतीला खाली उतरावे लागते.

जर्मनीहून मोटारीने येणाऱ्यांनी गाडी मध्यभागात आणूच नये. जुन्या डिझेल गाड्यांना तेथे प्रवेशबंदी आहे आणि पार्किंग महाग आहे. शहराच्या कडेला वेस्टराव्हेन किंवा सायन्स पार्क येथे गाडी लावून ट्रामने आत यावे.

## टप्पा ४ : बँकेची कार्डे आणि सामान

भारतीय कार्डावर परदेशातले व्यवहार आणि स्पर्शविरहित भरणा या सोयी मुळात बंद असतात. २०२० पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे त्या ग्राहकाने स्वतः सुरू कराव्या लागतात. निघण्याच्या आदल्या आठवड्यात बँकेच्या ॲपमध्ये दोन्ही सोयी सुरू करून मर्यादा वाढवून ठेवावी. हे काम स्किपोलला उतरल्यावर करायला गेल्यास ओटीपी येणारे सिमकार्ड बंद असते आणि सगळे कुटुंब फलाटावर खोळंबते.

प्रत्येक प्रौढ आणि बारा वर्षांवरील प्रत्येक मूल यांच्यासाठी वेगळे मास्टरकार्ड किंवा व्हिसा कार्ड हवे. एका कार्डावर दोघांना प्रवास करता येत नाही. हे कारण पुढच्या टप्प्यात येईल, पण कार्डे मागवायला वेळ लागतो म्हणून ते येथेच सांगितले. याखेरीज शंभरेक युरो रोख ठेवावेत. मात्र अनेक दुकाने आणि उपाहारगृहे रोकड घेतच नाहीत, तशी पाटी दारावर असते.

खाण्याच्या पिशवीकडे विशेष लक्ष द्यावे. युरोपीय संघाबाहेरून येताना मांस आणि दुधाचे पदार्थ आणण्यास मनाई आहे. म्हणजे पेढे, बर्फी, श्रीखंड, तूप, खवा घातलेल्या करंज्या हे सारे घरीच ठेवावे. तान्ह्या बाळाच्या दूध पावडरीला सवलत आहे. ताज्या फळांनाही वनस्पती-आरोग्याचे प्रमाणपत्र लागते आणि त्यातून अननस, नारळ, केळी, खजूर, ड्युरियन एवढीच फळे सुटतात. तेव्हा मे महिन्यात कितीही मोह झाला तरी हापूसची पेटी आणू नये. ती जप्त होते आणि मुलांसमोर ते पाहावत नाही. चकली, भाकरवडी, तेलातली शंकरपाळी, भाजलेले पोहे, मेतकूट यांना अडचण येत नाही.

कपड्यांत छत्री नको, टोपीचा रेनकोट हवा. येथला पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो आणि छत्री पहिल्याच चौकात उलटी होते. मुलांची तापाची, उलटीची, ॲलर्जीची नेहमीची औषधे बरोबर आणावीत, कारण अँटिबायोटिक येथे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि साध्या तापाला बहुधा पॅरासिटामॉलच सांगतात. रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी मूल आजारी पडल्यास थेट रुग्णालय न गाठता आधी हॉटेलकडून कुटुंब-डॉक्टरांच्या रात्रकेंद्राचा क्रमांक घेऊन फोन करावा. जीवावरचे संकट असेल तर ११२ लावावा.

तपासणी : प्रत्येकाचे कार्ड वेगळे आहे का? दोन्ही सोयी सुरू आहेत का? संमतिपत्र हातातल्या पिशवीत आहे का? मिठाई काढून ठेवली का?

## टप्पा ५ : स्किपोल ते उट्रेख्त

विमानतळाच्या इमारतीखालीच रेल्वे स्थानक आहे. येथून आम्स्टरडॅम सेंट्रालला जाऊन तेथून उट्रेख्तची गाडी पकडण्याची चूक फार लोक करतात. सामानासह ती एक वाया गेलेली फेरी असते, कारण स्किपोलहून उट्रेख्तला थेट इंटरसिटी गाड्या दिवसभर असतात.

क्रम असा ठेवावा :

१. चार ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी रेल्वेच्या ॲपवरून किंवा यंत्रावरून 'रेलरनर' हे मुलांचे दिवसभराचे स्वस्त तिकीट घ्यावे. चार वर्षांखालील मुलांना भाडे नाही. मुलाच्या हातात बँकेचे कार्ड देऊन ते यंत्राला लावायला सांगितल्यास पूर्ण भाडे कापले जाते.

२. फलाटावर उतरण्यापूर्वी प्रत्येक प्रौढाने तिकिटाऐवजी आपापले बँकेचे कार्ड पिवळ्या कार्डयंत्राला लावावे आणि हिरवी खूण दिसेपर्यंत थांबावे. स्किपोलला ही यंत्रे मोकळ्या जागेत खांबांवर असतात. वाट अडवणारे दार नसल्यामुळे गप्पांच्या भरात लोक त्यांच्या शेजारून तसेच खाली जातात आणि गाडीत तपासनीस आला की दंड भरतात.

३. फलाटावरच्या निळ्या फलकावर थांब्यांच्या यादीत उट्रेख्त सेंट्राल आहे का ते पाहून मगच चढावे.

४. डब्याच्या दारावरचा वर्गाचा आकडा पाहावा, आणि आत गेल्यावर खिडकीवर शांततेचे चिन्ह आहे का तेही पाहावे. अशा शांत डब्यात मोठ्याने बोलणे चालत नाही. बारा तासांच्या प्रवासानंतर किरकिरणारी मुले घेऊन नेमके तेथेच बसलेले कुटुंब आणि वाचनातून मान वर करणारे सहप्रवासी हे दृश्य मी अनेकदा पाहिले आहे. शेजारच्या साध्या डब्यात मुलांच्या आवाजाबद्दल कोणी काही म्हणत नाही.

५. उट्रेख्तला बाहेर पडताना तेच कार्ड पुन्हा लावावे.

'तेच' या शब्दावर माझा भर आहे. गाडीत चढण्यापूर्वी प्लॅस्टिकचे कार्ड आणि उतरून बाहेर पडताना त्याच खात्याचे फोनमधले कार्ड वापरले, तर यंत्राच्या दृष्टीने ती दोन वेगळी कार्डे असतात. मग पहिला प्रवास अपुरा राहतो आणि दुसराही; रेल्वेत अशा प्रत्येक अपुऱ्या प्रवासाचे २० युरो कापले जातात. फोन वापरायचा असेल तर तीनही दिवस फोनच वापरावा. चुकून राहून गेल्यास, बँकेच्या कार्डाने भाडे भरण्याच्या ओव्हीपे या सोयीच्या ॲपवर तो प्रवास दुरुस्त करून पैसे परत मागता येतात, मात्र ते काम त्याच आठवड्यात उरकावे.

इशारा : उट्रेख्त सेंट्रालला दोन बाजू आहेत. जुन्या शहराकडे जायचे असल्यास 'सेंट्रुम' ही पाटी धरावी, म्हणजे होख कातराइने या मोठ्या बाजारसंकुलातून आपण कालव्याकडे निघतो. 'यारबर्स' ही पाटी उलट्या बाजूला, प्रदर्शन केंद्र आणि लोंबोककडे नेते. सामान ओढत चुकीच्या बाजूला गेलेले कुटुंब पहिल्याच तासात थकते.

## टप्पा ६ : पहिली दुपार, सायकलींचे रस्ते आणि पाण्याची कड

पहिल्या दुपारी कोणतेही तिकीट काढू नये. सामान हॉटेलात ठेवून किंवा स्थानकावरच्या लॉकरमध्ये टाकून बाहेर पडावे आणि आधी मुलांना रस्ता शिकवावा.

स्थानकाखालच्या सायकलतळात १२,५०० सायकली राहतात, एवढ्यावरून येथली वर्दळ ध्यानात येईल. तांबड्या डांबराचा पट्टा सायकलींचा असतो, आणि तो पदपथाला इतका लागून असतो की अनोळखी माणसाला पदपथाचाच भाग वाटतो. सायकल आवाज न करता येते, वेगात येते आणि अनेक ठिकाणी दोन्ही दिशांनी येते. मुलांना एवढेच सांगावे : तांबडा रंग दिसला की थांबायचे, डावीकडे-उजवीकडे आणि पुन्हा डावीकडे पाहायचे, आणि मोठ्यांचा हात धरूनच ओलांडायचे. फोटोसाठी मागे सरकत त्या पट्ट्यावर जाणारे मात्र बहुधा मोठेच असतात.

लांगे फीस्ट्राटजवळ एक सिग्नल आहे, त्यात लाल आणि हिरव्या माणसाऐवजी मिफी ससा दिसतो. लाल ससा उभा, हिरवा ससा चालणारा. रस्ता ओलांडण्याचा धडा तेथेच द्यावा. मुले स्वतःच ससा हिरवा होण्याची वाट पाहतात आणि तो नियम तीनही दिवस टिकतो.

मग औडेग्राख्त या जुन्या कालव्याकडे जावे. या कालव्याला दोन पातळ्या आहेत. वर रस्ता आणि दुकाने, तर खाली पाण्यालगत दगडी धक्का आणि पूर्वी माल साठवायची तळघरे. त्यांतल्या अनेक तळघरांत आता उपाहारगृहे आहेत. खाली बसून जेवणे सुंदर आहे यात शंका नाही. पण धक्क्याच्या कडेला कठडा नाही. टेबलापासून पाणी तीन-चार पावलांवर असते, दगड पावसात निसरडे होतात आणि खाली उतरणारे जिने अरुंद असतात. चालू लागलेले पण न ऐकणारे मूल, म्हणजे दीड ते चार वर्षांचे, बरोबर असेल तर वरच्या रस्त्यावरचे उपाहारगृह घ्यावे. त्याहून मोठी मुले असतील तर भिंतीच्या बाजूचे टेबल मागावे आणि मुलांना आतल्या खुर्चीवर बसवावे. या एका बाबतीत मी पाहुण्यांशी हुज्जत घालते, आणि ते रागावले तरी चालेल असे मला वाटते.

पाणी जवळून पाहायचे असेल तर तासाभराची नौकाफेरी घ्यावी. दमलेल्या मुलांना आणि आजी-आजोबांना पहिल्या दिवशी तीच मानवते. रात्रीचे जेवण सहा वाजताच घ्यावे. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो आणि मुले झोपायला तयार नसतात, म्हणून पडदे आधीच ओढून ठेवावेत.

## टप्पा ७ : दुसरा दिवस, एकच मुख्य ठिकाण

नाइन्त्ये संग्रहालय निवडले असेल तर दिलेल्या वेळेच्या दहा मिनिटे आधी पोचावे आणि बाबागाडी बाहेरच ठेवावी लागेल असे धरून चालावे. रस्त्याच्या पलीकडेच सेंट्राल म्युझियम आहे, मोठ्यांपैकी एकाला तेथे जाऊन येता येते. हजारेक वर्षांपूर्वीची एक लाकडी नौका त्याच्या तळघरात ठेवलेली आहे, आणि थोड्या मोठ्या मुलांना ती आवडते.

रेल्वे संग्रहालय निवडले असेल तर उट्रेख्त सेंट्रालहून थेट संग्रहालयाच्या फलाटावर जाणारी छोटी गाडी पकडावी. ती ठरावीक वेळीच सुटते, म्हणून वेळापत्रक आदल्या रात्री पाहावे. जुन्या स्थानकात खऱ्या गाडीतून उतरणे हा मुलांच्या दृष्टीने भेटीचा निम्मा आनंद असतो. येथे तास-दीड तास ठेवणारे लोक चुकतात. चार तास मोकळे ठेवावेत आणि दुपारी दुसरे काही योजू नये.

पावसाने घेरल्यास म्युझियम स्पेलक्लोक गाठावे. स्वतःहून वाजणारी घड्याळे, पेट्या आणि रस्त्यावरचे भलेमोठे ऑर्गन तेथे मार्गदर्शक प्रत्यक्ष वाजवून दाखवतो, त्यामुळे त्या फेरीची वेळ पाहून जावे. नुसती काचेतली यंत्रे पाहून मुले रमत नाहीत.

ऊन असल्यास सायकलीचा मोह होतो. मध्यभागात नवख्यांनी मुलांना बसवून सायकल चालवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. चालवायचीच असेल तर क्रोमे राइन नदीच्या काठाने आमेलिसवेर्डच्या झाडीतून राइनाउवेनपर्यंत जावे. अंतर साधारण पाच-सहा किलोमीटर आहे आणि शेवटी पॅनकेकचे जुने उपाहारगृह आहे. स्थानकावरच्या निळ्या-पिवळ्या सायकली पाहुण्यांना मिळत नाहीत, त्यांना येथले नोंदणीकृत खाते लागते. सायकल खासगी दुकानातून घ्यावी. घेताना हाताचा ब्रेक आहे का विचारावे. अनेक डच सायकलींना पायडल उलटे फिरवून थांबवावे लागते, आणि आपल्याकडच्या सवयीने पायडल मागे घेणारा माणूस एकदम थांबून पडतो. दुकानासमोर दोन फेऱ्या मारून मगच मुलाला बसवावे. सायकलवर असताना फोन हातात धरणे २०१९ पासून दंडनीय आहे.

## टप्पा ८ : शाकाहारी जेवणाची नीट चौकशी

'व्हेगेटारिस' म्हटले की मांस-मासे नसलेला पदार्थ मिळतो, पण अंडे त्यात असू शकते. पॅनकेक आणि पोफर्चेस या छोट्या पॅनकेकच्या पिठात अंडे असतेच असे धरावे. अंडे नको असल्यास 'झोंडर आय' असे स्पष्ट सांगावे, आणि नाही म्हटल्यास वाद न घालता सूप-ब्रेडकडे वळावे. बटाट्याचे तळलेले काप काही ठिकाणी गाईच्या चरबीत तळतात, म्हणून तेल वनस्पतीचे आहे का हे विचारावे. अनेक चीजमध्ये वासराच्या जठरातले विरजण वापरतात. ज्यांना ते चालत नाही त्यांनी वेष्टनावर शाकाहारी विरजण लिहिले आहे का पाहावे.

दुपारी बहुतेक ठिकाणी थंड सँडविच मिळते, गरम जेवण संध्याकाळचे असते. मुलांना दुपारी भात हवाच असेल तर त्याची सोय आदल्या दिवशी करून ठेवावी. नळाचे पाणी सर्वत्र पिण्याजोगे आहे, म्हणून बाटल्या हॉटेलातूनच भरून घ्याव्यात. स्वच्छतागृहांना स्थानकावर आणि मोठ्या दुकानांत पैसे पडतात, तेही बहुधा कार्डाने. प्रत्येक संग्रहालयातून निघण्यापूर्वी सगळ्यांनी जाऊन यावे.

## टप्पा ९ : तिसरा दिवस, मनोरा, बाजार आणि परती

डोमचा मनोरा ११२ मीटर उंच आहे, त्याला ४६५ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. जिना गोल, अरुंद आहे. मध्ये घंटांच्या व अन्य मजल्यांवर थांबे असतात, त्यामुळे सात-आठ वर्षांपुढची मुले सहसा चढून जातात. गुडघेदुखी असलेल्यांनी आणि कडेवरचे बाळ असलेल्यांनी खाली थांबावे. फेरी सुरू झाल्यावर मध्येच परतणे सोपे नसते. खाली थांबणाऱ्यांनी शेजारच्या चर्चलगतच्या पांधोफ या बंदिस्त बागेत बसावे. तेथे वारा लागत नाही आणि दर पंधरा मिनिटांनी मनोऱ्यावरची घंटावाद्ये वाजतात, ती छान ऐकू येतात.

तपासणी : मनोऱ्याची फेरी संपणे आणि गाडी सुटणे यांत निदान अडीच तास हवेत. खोली सोडण्याची वेळ सहसा सकाळचीच असते, म्हणून सामान आधीच स्थानकावरच्या लॉकरमध्ये ठेवून मग मनोऱ्याकडे यावे. लॉकरची पावती किंवा लॉकर उघडण्याचे कार्ड ज्याच्याकडे असेल त्याने ते मुलांना सांभाळायला देऊ नये.

शनिवार असेल तर परतताना यान्सकेर्कहोफवरून फ्रेडेनबुर्खला यावे. ट्यूलिपचे कंद घ्यावेसे वाटतात, पण भारतात वनस्पती आणि कंद नेण्यास परवानगी लागते, तेव्हा लाकडी ट्यूलिप घ्यावेत. बाजारात ताज्या गरम स्त्रोपवाफेलचा, म्हणजे पाक भरलेल्या चपट्या वाफलचा, वास येईल. त्यातला पाक पोळतो. मुलांना देण्यापूर्वी अर्धा करून वाफ जाऊ द्यावी.

विमानाच्या वेळेआधी तीन तास स्किपोलला पोचायचे असेल तर उट्रेख्तहून त्याच्याही एक तास आधी निघावे. शनिवार-रविवारी रुळांच्या कामामुळे गाड्या वळवल्या जातात, त्यामुळे वेळापत्रक आदल्या रात्री आणि पुन्हा सकाळी पाहावे. मुलांसाठी त्या दिवसाचे नवे रेलरनर घ्यावे, कारण पहिल्या दिवसाचे संपलेले असते. स्किपोलला गाडीतून उतरल्यावर वर येताच खांबावरचे पिवळे कार्डयंत्र शोधावे आणि सामानाची गाडी आणायला कोणी पळण्यापूर्वी प्रत्येक प्रौढाने आपले कार्ड लावल्याची खात्री करावी.